मानेवरचे जू

दिवाळीत पणत्या लावताना आजी नातवंडांना सांगते, की चौदा वर्षांनी राम अयोध्येला परतला, त्या आनंदाचे हे दिवे. गोष्ट रामाच्या परतण्याची, त्यामुळे ऐकणाऱ्यांचे डोळे आकाशातल्या विमानाकडे लागलेले असतात. मला मात्र दर वर्षी एक घरगुती प्रश्न पडतो. घरातला कर्ता पुरुष चार दिवस परगावी गेला तरी घराची घडी विसकटते. मग चौदा वर्षे राजा नसताना अयोध्येची कोठारे कोणी भरली? चाकरमान्यांचे वेतन कोणी वाटले?

उत्तर सर्वांना ठाऊक आहे. भरताने. पण भरत म्हटला की आपल्याला सिंहासनावरच्या पादुका आठवतात, बंधुप्रेम आठवते, आणि तेथेच आपण थांबतो. त्याने नंदिग्रामात बसून चौदा वर्षे राज्यकारभार हाकला, हे जणू काही विशेष नव्हतेच!

वाल्मीकींनी मात्र युद्धकांडाच्या अखेरीस दोन गोष्टी जवळजवळ नोंदवून ठेवल्या आहेत. राज्य परत देताना भरत रामाला म्हणतो, की बलवान बैलाने ओढायचे जू कोवळ्या वासराच्या मानेवर पडावे तशी माझी गत झाली; हा भार मला पेलवणारा नाही. गाढवाला घोड्याची चाल आणि कावळ्याला हंसाची चाल कशी साधावी, असेही तो विचारतो. त्याच्या तोंडची दुसरी गोष्ट अशी, की कोश, कोठार, नगर आणि सैन्य एकदा नजरेखालून घाला. तुमच्या प्रतापाने हे सारे मी दहापट केले आहे.

वासरू म्हणते, मला पेलवले नाही. आणि शेत तर दहापट पिकलेले! भरत खोटा विनय दाखवीत होता असे मला वाटत नाही. त्याला खरोखरच चौदा वर्षे वाटत असले पाहिजे, की ही जागा आपली नव्हे. आणि तरीही काम झाले. त्या ‘तरीही’विषयीच मला चार शब्द लिहायचे आहेत.

अधिकाराच्या जागेवर बसलेल्या कितीतरी माणसांना हे दुखणे असते. ही खुर्ची आपल्याला चुकून मिळाली, आपण नुसते सोंग घेऊन बसलो आहोत आणि एक दिवस सगळ्यांसमोर ते उघडे पडेल, अशी धास्ती त्यांच्या मनात घर करून असते. १९७८ साली अमेरिकेतल्या पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी या मनःस्थितीवर पहिला प्रबंध लिहिला. त्यांनी पाहिलेल्या स्त्रिया पदवीधर होत्या, आपापल्या क्षेत्रात नाव मिळवलेल्या होत्या. तरी आपले यश हा नशिबाचा खेळ आहे, लोकांची फसगत झाली आहे, असेच त्यांना वाटे. म्हणजे पदव्यांनी हे दुखणे बरे होत नाही, एवढे तर ठरलेच.

माझ्यापाशी पदवी नाही. शिक्षण मॅट्रिकपुरते, वाचनाच्या नादाने कादंबऱ्या लिहू लागले आणि एका लहानशा खासगी शाळेत मुलांना शिकवता शिकवता केस पिकू लागले. मुख्याध्यापक निवृत्त झाले तेव्हा नोकरीतली सर्वांत जुनी म्हणून तात्पुरता कारभार माझ्याकडे आला. हाताखाली आलेले दोघे तरुण शिक्षक पदवीधर. पहिल्या दिवशी त्या खुर्चीवर मी टेकले ती अगदी कडेला, पाहुण्याच्या घरी बसावे तशी. एक साधी सूचना लिहायला घेतली, तर शब्द योग्य आहे की नाही यावर मन अडले. तेवढ्यात मुलांचा पोषण आहार शिजवणारी बाई दारात येऊन उभी राहिली.

‘‘बाई, तांदूळ दोनच दिवसांचा उरला जी. वर लिहून धाडा ना.’’

तिने माझे शिक्षण विचारले नाही. माझी लायकी तिच्या प्रश्नात कोठेच नव्हती. तेथे फक्त तांदूळ होता आणि परवा दुपारी ताट घेऊन बसणारी मुले होती. मी कागद ओढला आणि लिहिले. तो मजकूर लिहिताना शब्द अडला नाही, हे माझ्या पुष्कळ वेळाने लक्षात आले.

मोठ्यांच्या चरित्रांतही हेच दिसते. विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले गांधीजी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यासाठी उभे राहिले. डोके गरगरू लागले, साक्षीदाराला विचारायला एक प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि ३० रुपयांची फी परत केली. हेच गांधीजी १८९३ साली प्रिटोरियात तेथल्या हिंदी लोकांच्या सभेत उभे राहिले आणि सरळ बोलले. ते भाषण आपल्या आयुष्यातले पहिले असे त्यांनीच नमूद केले आहे. दोन-एक वर्षांत माणसाची जीभ काही नवी फुटत नाही. मला वाटते, मुंबईत बॅरिस्टरची परीक्षा चालली होती, आणि प्रिटोरियात समोरच्या माणसांची दुःखे होती. नजर स्वतःवरून हलली तशी जीभ सुटली.

म्हणून मला असे वाटू लागले आहे, की ‘मी या जागेला लायक आहे का?’ हा प्रश्न दिसायला नम्र असला तरी तो फिरून फिरून ‘मी’पाशीच येतो. गर्विष्ठ माणूस आरशासमोर उभा राहून मिशीला पीळ भरतो, आणि साशंक माणूस त्याच आरशासमोर उभा राहून चेहऱ्यावरचे डाग मोजतो. दोघांचीही पाठ कामाकडेच!

कोणी म्हणेल, ज्याचे मन त्याला खाते, त्यात दुसऱ्याचे काय गेले? पुष्कळ जाते. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गावांकडे पाहा. १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या. २०११ साली महाराष्ट्राने हे प्रमाण निम्म्यावर नेले. कालपर्यंत पऱ्हे लावणारी बाई सरपंच झाली. आता ती मनातून म्हणत राहिली, की ‘मले यातलं काय समजते जी,’ तर ती खुर्ची रिकामी राहत नाही. तिचा नवरा किंवा दीर तेथे येऊन बसतो, ठराव तो सांगतो आणि अंगठा अगर सही तेवढी तिची. मग बोडीचा गाळ कोणाच्या शेतासाठी निघतो आणि नळ कोणाच्या दारात येतो, हे वेगळे सांगायला नको. तिच्या भिडेचे पाणी दुसऱ्या एखाद्या बाईला डोक्यावरून वाहावे लागते. पण ज्या सरपंचबाईने एकदा ग्रामसेवकाला विचारले, की ‘हा आकडा कोठला, मला वाचून दाखवा,’ तिची भीड मोडली नसली तरी गावाचे काम होते.

आमगावजवळच्या पदमपूरचे नाव येथे घ्यावेसे वाटते. हेच भवभूतीचे पद्मपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिले. आठव्या शतकातल्या या नाटककाराला नावे ठेवणारे थोडे नव्हते. ‘मालतीमाधवा’च्या आरंभी त्याने त्यांना उत्तर दिले आहे: माझा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच, काळ अमर्याद आहे, पृथ्वी विस्तीर्ण आहे, माझ्या जातकुळीचा कोणी तरी कधी तरी जन्मेल. हा आत्मविश्वास सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच भवभूतीने ‘उत्तररामचरिता’त नाण्याची दुसरी बाजूही दाखवली. दुर्मुख लोकांची कुजबूज घेऊन येतो आणि राजा झालेला राम गरोदर सीतेला वनात धाडतो. सीता निष्कलंक आहे, हे त्याला पुरते ठाऊक असते. पुढे दंडकारण्यात तो स्वतःलाच दोष देत मूर्च्छित पडतो. पण वनवास सीतेच्याच वाट्याला आलेला असतो. मोठ्या जागेवरच्या माणसाने आपला काटा लोकांच्या तोंडाकडे पाहून हलवला, म्हणजे दंड भलताच कोणी तरी भरतो.

मग शंका मुळी वाईटच काय? छे! शंका नसलेला अधिकारी म्हणजे लगाम नसलेला घोडा. निवड करायची ती शंकेच्या जातीची. ‘मला काय ठाऊक नाही?’ या शंकेला उत्तर मिळते. ते कागदात सापडते, जुन्या कारकुनाला विचारता येते, जागेवर जाऊन पाहता येते. ‘मी कोण?’ हा प्रश्न फार थोर आहे, पण त्याची जागा देवघरात. कचेरीच्या वेळात त्याला उत्तर नसते. पहिली शंका माणसाला उठवून कामाला लावते, दुसरी त्याला खुर्चीत खिळवून ठेवते. आणि पहिलीचा पाठपुरावा करता करता असे उत्तर आले, की हे काम आपल्याहून दुसऱ्याला अधिक चांगले साधते, तर त्याला पुढे करण्यातही कमीपणा नाही. तोही कारभाराचाच भाग.

राहता राहिले सोंगाचे भय. आमच्याकडे भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. रात्री दंडार होते, नाटके होतात. दिवसभर धान कापलेला माणूस रात्री मुकुट घालून राजा होतो. तो शेतकरी आहे हे सगळ्या गावाला ठाऊक असते, त्यालाही असते. म्हणून कोणी त्याला लबाड म्हणत नाही. गाव एवढेच पाहते, की सोंग वठले का. खुर्चीवर बसणारा प्रत्येक जण पहिल्या दिवशी थोडे सोंगच घेऊन बसतो. आवाज स्थिर ठेवणे, पाय न डगमगू देणे, हे सोंग करता करता अंगवळणी पडते. त्याची लाज कशाला? फक्त एक म्हण विसरू नये: सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. कोठारात धान्य किती, हे ठाऊक असल्याचे सोंग वठत नाही. ते मोजावेच लागते.

भरताने ते मोजले होते. चौदा वर्षांत त्याच्या मनातले वासरू बैल झाले नाही. अखेरपर्यंत ते वासरूच राहिले. पण राम आला तेव्हा कोठारांची दारे उघडून दाखवायला त्याला क्षणभरही थांबावे लागले नाही. यंदा पणती लावताना एक वात त्याच्याही नावाने लावावी.