उशीर कोणामुळें झाला?

न्यायशास्त्रांत कुंभाराच्या गाढवाचें उदाहरण प्रसिद्ध आहे. घट घडण्यापूर्वीं माती वाहून आणणारें गाढव हजर होतें. तथापि घटाच्या कारणांत त्याची गणना करण्यास नैयायिक तयार नाहींत. त्यास ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. हा विचार घटपटाच्या खटपटीपुरताच उपयोगी, असें कित्येकांस वाटेल. परंतु बांधकामास झालेल्या उशिराचा तंटा पंचांपुढें गेला म्हणजे नेमका हाच प्रश्न उभा राहतो.

सिडनी येथील ऑपेरा हाउसचें काम १९५९ सालीं सुरू झालें. तें १९६३ त पुरें व्हावयाचें, तें १९७३ त झालें. छपराच्या कवचांची रचना निश्चित होण्यापूर्वींच सरकारच्या आग्रहावरून पायथ्याचें काम हातीं घेण्यांत आलें. पुढें छपराचा भार पेलण्यास खांब अपुरे ठरले व ते नव्यानें बांधावे लागले. १९६६ त वास्तुशिल्पी यॉर्न उत्सोन काम सोडून गेले. दोष घाईचा, कीं अपुऱ्या आराखड्याचा? दोन्ही म्हणण्यांत सत्याचा अंश आहे. आणि घाई हेंच उशिराचें एक कारण व्हावें, हा विपर्यासही ध्यानांत घेण्याजोगा आहे.

ह्याहून कठीण प्रसंग असा: मालकानें नकाशे देण्यास आठवड्याचा विलंब केला आणि नेमक्या त्याच आठवड्यांत कंत्राटदाराजवळ मजूर नव्हते. 'हें नसतें तर उशीर झाला नसता' ही कसोटी लावून पाहा. नकाशे असते तरी मजूर नव्हते. मजूर असते तरी नकाशे नव्हते. म्हणजे दोघेही निर्दोष, आणि काम मात्र बंद! जी कसोटी दोघांही दोषींस मोकळें सोडते, ती पुरेशी कशी मानावी?

हेन्री बूट विरुद्ध मालमेझाँ ह्या १९९९ च्या इंग्लिश खटल्यांत जें तत्त्व मान्य झालें त्याप्रमाणें, दोन समबल कारणांपैकीं एक जरी करारान्वयें मुदतवाढीस पात्र असलें तरी कंत्राटदारास वाढीव मुदत मिळते. स्कॉटलंडच्या न्यायालयानें सिटी इनच्या खटल्यांत २०१० सालीं उशिराची वाजवी वाटणी करण्याचा मार्ग पसंत केला.

प्रथमदर्शनीं आम्हांसही वाटणीच न्याय्य वाटली. परंतु विचारांतीं शंका येते. तो आठवडा दोघांपैकीं प्रत्येकानें सबंधच दवडला होता. मग अर्धा दोष कोणाचा म्हणावयाचा? इंग्लिश रीतींत मुदत मिळाली तरी लांबलेल्या कामाचा खर्च सहसा मिळत नाहीं. मालकास दंड मागतां येत नाहीं, कंत्राटदारास भरपाई मागतां येत नाहीं. ज्याचा तोटा त्यानें सोसावा. दुसऱ्याच्या चुकीवर स्वतःची चूक विकून नफा करण्यास येथें कोणासही वाव नाहीं, आणि हेंच आम्हांस अधिक नीतियुक्त दिसतें.

हा नियम केवळ इमारतींपुरता नाहीं. दुसऱ्याचा उशीर पाहून आपली तयारी नसल्याबद्दल मनांतल्या मनांत सुटकेचा निःश्वास कोणीं टाकला नाहीं? गाढव निर्दोष सुटतें, कारण त्यानें कोणास शब्द दिलेला नसतो. आपण दिलेला असतो.