शहराची अमानत

गल्लीत चोरी झाली, चाकू चालला की आपण विचारतो, ‘पोलीस कुठे होते?’ प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. पोलीस राज्य शासनाचे, रस्त्यावरचा दिवा नगरपालिकेचा; आणि त्या दिव्याखाली अंधारात उभा असलेला मुलगा आपल्यापैकीच कुणाचा तरी.

भिवंडीचे उदाहरण पाहा. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी हे यंत्रमागांचे शहर होरपळले. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या स्थापन केल्या. हिंदू-मुस्लिम शेजारी पोलिसांसह एकत्र बसू लागले; किरकोळ तंटे, अफवा तेथेच मिटू लागल्या. १९९२-९३ मध्ये जवळची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. बंदोबस्ताला शेजाऱ्यांच्या विश्वासाची जोड मिळाली होती.

हजरत उमर (रजि.) रात्री मदिनेच्या गल्ल्यांतून स्वतः फिरत, असे इतिहास सांगतो. सत्ता ही अमानत आहे, याची ती जाणीव होती. मत हीदेखील अमानतच. पैसे घेऊन ते देणाऱ्याने नगरसेवकाला अंधाराचा जाब कोणत्या तोंडाने विचारावा? मुलाच्या खिशातील अनोळखी पैशाकडे डोळेझाक करणाऱ्या पित्याने पोलिसांना दोष कसा द्यावा?

शासनाला जाब अवश्य विचारा. ते कर्तव्यच आहे. मात्र कयामतच्या दिवशी प्रत्येकाला आपापल्या अमानतीचा हिशेब द्यायचा आहे. दुसऱ्याच्या कसुरीने आपला हिशेब चुकता होत नाही.