नेहमीच्या मायेहून अधिक

आमचा जुना वाडा पाडून त्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, त्याला बरीच वर्षे झाली. पण बिऱ्हाडे बहुतेक जुनीच असल्यामुळे शेजारधर्म अजून शाबूत आहे. माझ्या समोरच्या दाराआड एक काकू राहतात. वय ७८. काका गेले त्याला अकरा वर्षे झाली. एकुलती एक मुलगी डॉक्टर आहे. ती इंग्लंडात एका सरकारी रुग्णालयात वृद्धांच्या विभागात काम करते. आईने आता कायमचे आपल्याकडे येऊन राहावे, असा तिचा कित्येक वर्षांचा आग्रह आहे.

गेल्या वर्षी भाद्रपदात काकूंनी मला हाक मारली. "अरे, जरा येऊन बस. डॉक्टर यायचेत. त्या कागदावरची अक्षरे फार बारीक आहेत, तू वाचून सांग." कागद म्हणजे तिकडच्या वकिलाने काढून दिलेली प्रश्नांची यादी होती. अंघोळ स्वतःची स्वतः करता येते का? कपडे घालता येतात का? स्वयंपाक करता येतो का? आमचे नेहमीचे डॉक्टर चार वाजता आले. तोवर काकू इस्त्रीचे पातळ नेसून, वेणीफणी करून तयार होत्या. डॉक्टर टेकतात न टेकतात तोच त्यांच्यापुढे दडपे पोह्यांची बशी आली आणि मागोमाग कॉफी. डॉक्टरांनी कागदाकडे पाहिले, बशीकडे पाहिले आणि म्हणाले, "काकू, आता मी यात लिहू तरी काय?"

रात्री मुलीचा फोन आला. "आई, निदान आज तरी कॉफी करायची नव्हतीस." काकू म्हणाल्या, "दारी आलेल्या माणसाला मी पाणीसुद्धा न विचारता लुळीपांगळी होऊन बसू होय? आणि खोटे कशाला दाखवायचे?"

खोटे दाखवा असे कोणीच म्हणत नव्हते. दोन हिवाळ्यांपूर्वी काकू रात्री न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि पहाटे दूधवाल्याने बेल वाजवीपर्यंत तशाच फरशीवर पडून होत्या, हे मला ठाऊक होते. मुलीला मात्र त्यांनी ते कळू दिले नव्हते. तेव्हा त्या दिवशी डॉक्टरांनी पाहिले ते खरे होते, आणि न पाहिलेले तेही खरेच होते. प्रश्न असा की, एका म्हाताऱ्या बाईला आपल्या मुलीजवळ राहायचे असेल, तर तिने या दोहोंपैकी कोणते सत्य सिद्ध करायचे?

ब्रिटनचा नियम पूर्वी इतका कठोर नव्हता. पासष्टी ओलांडलेली विधवा आई मुख्यतः तिकडच्या मुलांच्या पैशावर अवलंबून असेल आणि मायदेशी आधार देणारे दुसरे जवळचे कोणी नसेल, तर तिला मुलांकडे येण्याची वाट होती. ९ जुलै २०१२ पासून ही वाट इतकी अरुंद झाली की, तिच्यातून जाणारे फार थोडे. आता वय, आजार किंवा अपंगत्व यांमुळे अंघोळ, कपडे, स्वयंपाक अशा रोजच्या गोष्टींसाठी दीर्घकाळ दुसऱ्याची मदत लागते, हे आधी दाखवावे लागते. ते दाखविल्यावर दुसरे सिद्ध करायचे ते असे की, इंग्लंडातल्या मुलाने पैसा व अन्य मदत पुरवूनही तशी सेवा मायदेशी मिळत नाही किंवा परवडत नाही. शिवाय पाच वर्षे सरकारी मदतीला हात न लावता आईचा सगळा भार वाहीन, अशी हमी मुलाने द्यायची. अर्जाची फी तीन हजार पौंडांहून अधिक. अर्ज नाकारला गेला म्हणून ती परत मिळत नाही.

आता या अटी एकापुढे एक मांडून पाहा. आई धडधाकट असेल तर तिला सेवेची गरज नाही, म्हणून नकार. आई अंथरुणाला खिळली, तर पुण्यात सेवा विकत मिळते आणि डॉक्टर मुलीला ती परवडते, म्हणून नकार. मुलगी गरीब असेल आणि सेवा परवडत नसेल, तर तिला पाच वर्षांची हमी देणे कठीण. म्हणून पुन्हा नकार. ही कोंडी न्यायालयापुढे गेली होती. २०१७ साली तिथल्या अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला. मात्र मायदेशी मिळणारी सेवा पुरेशी आहे की नाही हे ठरविताना वैद्यकीय पुराव्याने दिसणाऱ्या मानसिक व भावनिक गरजाही पाहाव्या लागतील, असे सांगितले. म्हणजे एकटेपणालाही आता स्थान आहे. फक्त त्याचे डॉक्टरी प्रमाणपत्र हवे.

युरोपच्या मानवी हक्कांच्या सनदेतील आठवे कलम कौटुंबिक जीवनाचा मान राखण्याची हमी देते. पण प्रौढ मुले आणि त्यांचे आईबाप यांचे नाते या कलमाच्या छत्राखाली यायचे असेल, तर नेहमीच्या भावनिक बंधांहून अधिक असे परावलंबन दाखवावे लागते, असे न्यायालये कित्येक दशके सांगत आली आहेत. नेहमीची माया पुरत नाही. हे वाचल्यापासून मी मनाशी विचारीत आलो आहे की, नेहमीच्या मायेहून अधिक ते काय असते? आणि नेहमीची माया ही एवढी क्षुल्लक गोष्ट आहे काय?

राज्यकर्त्यांची बाजू अगदीच पोकळ आहे असे मात्र कोणी समजू नये. १९४८ साली ब्रिटनने सर्वांसाठी मोफत वैद्यकीय सेवा सुरू केली. ती लोकांच्या करांवर चालते, आणि माणसाला तिची गरज सर्वांत अधिक लागते ती म्हातारपणी. ज्यांनी तिथे जन्मभर कर भरला त्यांनी विचारले की, न भरणाऱ्यांचा भार आम्ही का घ्यावा, तर त्या प्रश्नाला निष्ठुरपणा म्हणून झिडकारता येणार नाही. शिवाय तिथली कितीतरी आजीबाईही एकट्याच राहतात. प्रौढ मुलाचे घर वेगळे आणि आईबापांचे वेगळे, ही त्यांची रीत आहे, आणि त्या रीतीत प्रेम नसते असे म्हणणे हा आपला अडाणी गर्व होईल.

परंतु खर्चाचा प्रश्न हा खर्चाच्या भाषेत सोडविता येतो. कॅनडाने २०११ च्या अखेरीस आईबाप व आजीआजोबा यांच्यासाठी लांब मुदतीचा व्हिसा काढला; खासगी आरोग्यविमा उतरवा, मुलांची मिळकत दाखवा आणि या. २०२२ पासून त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. अमेरिकेत १९६५ च्या कायद्यापासून सज्ञान नागरिकाच्या आईबापांवर संख्येची मर्यादाच नाही. हे देश काही धर्मशाळा उघडून बसलेले नाहीत. दाराला किंमत लावणे मला समजते. आईने आधी मोडून पडावे आणि मग दार ठोठवावे, हे मात्र समजत नाही.

याच्या मुळाशी मला एक तात्त्विक चूक दिसते, आणि ती एकट्या इंग्रजांची नाही. आईबापांची सेवा हे मुलांचे देणे आहे, असे आपण सारेच समजत आलो. आपल्या शास्त्रकारांनीही ऋणांचीच भाषा वापरली. आपल्या २००७ सालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी पुरविण्याची जबाबदारी मुलांवर टाकली. भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही तो लागू आहे. पण ऋणाचा धर्म असा की, ते कोणाच्या हातून फिटले याला महत्त्व नसते. वाण्याची उधारी मी चुकती केली काय किंवा माझ्या भावाने केली काय, वहीतली रेघ सारखीच ओढली जाते. सेवा हे ऋण असेल, तर ती लंडनहून मनीऑर्डरीने फेडता यावी, आणि मग व्हिसा-अधिकाऱ्याचे म्हणणे बिनतोड ठरते.

पंढरपूरची कथा घ्या. आईबापांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवापुढे वीट सरकवली आणि थांबायला सांगितले. समजा, देवाच्या जागी तो अधिकारी आला असता. पाय चेपायला गावात माणूस मिळतो? मिळतो. त्याची मजुरी परवडते? परवडते. मग तुम्ही स्वतः कशासाठी बसला आहात? पुंडलिकापाशी या प्रश्नाला उत्तर नव्हते, आणि तरीही अठ्ठावीस युगे देव त्या विटेवर उभा आहे अशी आपली श्रद्धा आहे. पायांना चेपणे हवे असते, हे खरे; पण कोणी चेपावे हाही त्या गरजेचाच भाग असतो. ती गरज मोजता येत नाही म्हणून ती नाहीच, असे मात्र ठरत नाही.

इथवर लिहून मी थांबलो असतो, तर परक्यांना दोष देऊन मोकळा झालो असतो. पण काकूंच्या घरी एक दुसराही नियम होता, आणि तो कोणत्याही सरकारी कागदावर लिहिलेला नव्हता. मुलीच्या घरी राहायचे नाही, हा तो नियम. एके काळी नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचे पाणीसुद्धा न पिणारे आईबाप आपल्यात होते. १९५६ च्या कायद्याने मुलाप्रमाणे मुलीवरही वृद्ध आईबापांच्या पोटगीची जबाबदारी टाकली. १९८७ साली कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, लग्न झाले म्हणून ही जबाबदारी संपत नाही. कायदा बदलला, मन बदलायला वेळ लागला. काका गेल्यावर मुलगी प्रथम म्हणाली, "आई, चल," तेव्हा काकूंचे उत्तर होते, "लोक काय म्हणतील? जावयाच्या दारात जाऊन राहू?" सहा महिन्यांच्या व्हिसावर त्या दोनदा जाऊन आल्या, पण पाहुण्या म्हणून. स्वतःचा नियम मोडायला त्यांना आठ-नऊ वर्षे लागली. तो मोडून त्या उठल्या, तेव्हा समोर दुसऱ्याचा नियम उभा होता.

वकिलाने अखेर कळविले की, अर्ज टिकणार नाही. पुण्यात सेवा मिळते, हे नाकारता येणार नाही.

आणि ते खरेच आहे. मुलीने ब्यूरोला फोन केला आणि चार दिवसांत बाई आली. सोलापूरकडची, पन्नाशीच्या आतबाहेरची, हाताला हलकी आणि बोलायला मोकळी. ती चोवीस तास काकूंपाशी असते. रात्री खाली अंथरूण घालून निजते. न्हाणीघरात पडून राहण्याची भीती आता उरलेली नाही. दर महिन्याला पैसे येतात आणि सेवा होते. व्यवहार चोख आहे.

गेल्या नरकचतुर्दशीला पहाटे मी फराळाचे ताट घेऊन गेलो. काकू पाटावर बसल्या होत्या आणि बाई त्यांच्या पाठीला तेल चोळीत होती. फोन भिंतीला टेकवून ठेवला होता. मुलगी पलीकडून बघत होती. तिच्याकडे अजून मध्यरात्रच होती. दिवसभर दुसऱ्यांच्या म्हाताऱ्या आया तपासून ती नुकतीच घरी आली होती. आई ज्या देशात चालत नाही, त्या देशाला तिचे हात चालतात. इंग्लंडात वृद्धांच्या चिकित्सेची शाखा उभी करण्यात आपल्या उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांचा मोठा वाटा आहे, ही इतिहासाची गोष्ट आहे.

काकूंनी मान वळवून बाईला विचारले, "तुझ्या आईला कोण लावील ग तेल आज?"

बाईचा हात क्षणभर थांबला. "कोण लावणार आजी? भाऊ ऊसतोडीला गेलेला. शेजारीण बघते. मी पैसे धाडते की."

फोनवर मुलगी काही बोलली नाही. काकूही बोलल्या नाहीत. मी ताट ठेवून उभाच होतो. इंग्लंडातला नियम म्हणतो, सेवा तिथे उपलब्ध आहे. उपलब्ध आहे ती अशी, कोणाच्या तरी आईजवळून उठून आलेली. या बाईला पुण्यात यायला व्हिसा लागला नाही, की तिच्या आईला इथे आणायला कोणी मनाई केली नाही. मनाई करण्याची गरजच पडली नाही. तिला राहायला जागा कुठे होती? त्या अधिकाऱ्याने जो हिशेब केला तोच हिशेब आमच्या जिन्यावरच्या सगळ्या बिऱ्हाडांनी, मीसुद्धा, न बोलता केला होता.

काकूंच्या घरी मागची एक खोली रिकामी आहे. त्यात जुन्या गाद्या आणि काकांची पुस्तके आहेत. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी काकू मला म्हणाल्या, "ती खोली जरा आवरायला मदत करशील का रे? हिची आई थंडीपुरती तरी येऊन राहील म्हणते." मी विचारले, "मुलीला विचारलेत?" त्या म्हणाल्या, "तिनेच सुचविले."

नियम बदलावेत म्हणून तिकडे भारतीय डॉक्टरांच्या संघटना झगडत आहेत, आणि त्यांनी झगडावे. नेहमीची माया पुरेशी मानणारा कायदा कधीतरी होईल, अशी आशा मीही धरतो. तोवर आपापल्या घरातल्या रिकाम्या खोल्यांचे नियम तरी आपल्याच हातात आहेत.