संन्यासाची भरपाई

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या ‘बुक ऑफ एग्झॉल्टेड डीड्स’ या २००३ सालच्या पूरक पुस्तकात दारिद्र्यव्रताचा एक नियम आहे. व्रतस्थ पात्राने अंगावरचे साधे कपडे, साधे शस्त्र, दिवसभराची शिदोरी एवढेच जवळ ठेवायचे. लुटीतला आपला वाटा नाकारायचाही नाही. तो घ्यायचा आणि गरजूंना देऊन टाकायचा. बदल्यात पातळी चढेल तसे त्याचे बळ आणि संरक्षण वाढत जाते. ही उदारता उगाच नाही. खेळाच्या २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत कोणत्या पातळीच्या पात्राजवळ किती धन असावे याचा तक्ताच दिला आहे: दहाव्या पातळीला ४९,००० सुवर्णनाणी, विसाव्या पातळीला ७,६०,०००. या धनातूनच मंतरलेली तलवार आणि चिलखत येते, आणि समोरचे राक्षस ती जवळ आहेत असे धरूनच बेतलेले असतात. निष्कांचन पात्राचा तिथे निभाव लागणे कठीण. म्हणून नियमकर्त्यांनी त्याच्या अभावाची भरपाई मोजून दिली.

मग यात त्याग उरला कुठे? गीतेच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे आसक्ती आणि फळ दोन्ही सोडून केलेला त्यागच सात्त्विक, आणि त्या मापाने हा सरळ सौदा ठरतो. पण हा निकाल घाईचा आहे, कारण इथे त्यागी दोन आहेत: खेळाडू आणि तो खेळवत असलेले पात्र. फळाचा हिशेब खेळाडूसमोरच्या कागदावर आहे. पात्राने तो कागद पाहिलेलाच नाही. बळ वाढल्याचे त्याला जाणवेल, पण देवाची कृपा म्हणून, आणि कृपेचा पुढचा हप्ता कधी येणार हे त्याला ठाऊक नसेल. यावर कोणी म्हणेल, पात्राला मन असते कुठे? नसते, हे खरेच. तरी सोन्याची थैली समोर आली की खेळाडूला त्या नसलेल्या मनातूनच उत्तर द्यावे लागते, आणि ते श्रद्धेतून आले की तक्त्यातून, हे शेजारी बसलेल्यांना बरोबर कळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: धर्मही पुण्याचे आणि स्वर्गाचे आमिष दाखवतातच की. दाखवतात, पण त्याला विरोधही धर्माच्या आतूनच झाला आहे. स्वर्गासाठी कर्मकांड करणाऱ्यांना गीतेनेच फटकारले, आणि तुकोबांनी तर मुक्तीही नको म्हटली. शिवाय पुण्याची जमा कुणाला वाचता येत नाही. खेळातली येते, तीही आकड्यांत. म्हणून पात्र निष्काम असू शकते. खेळाडूला ते फार अवघड आहे.

अवघड, पण अशक्य नाही, आणि याचे श्रेय त्या नियमातल्या वाटा दान करण्याच्या अटीला द्यायला हवे. वाटा सोबत्यांना सोडता आला असता तर संपत्ती टोळीतच राहिली असती आणि वैराग्य फुकटात पदरी पडले असते. ही पळवाट बुजवणाऱ्याला माणसाच्या लोभाची चांगलीच पारख असावी. व्रताने मिळणारे बळ व्रतस्थाचे स्वतःचे नुकसान भरून काढते, इतरांचे नाही. त्याच काळच्या नियमांत मेलेल्या सोबत्याला मंत्राने परत आणायचे तर ५,००० सुवर्णनाण्यांचे हिरे लागतात. तो पडतो तेव्हा व्रतस्थाचा वाटा गावातल्या अनाथांच्या पोटात गेलेला असतो, आणि त्याच्या जागी देता येईल असे कागदावर काहीच नसते.