पाच टक्क्यांच्या खाली

गेल्या वर्षी एका परिसंवादात, अभिजात संगीत, ग्रंथचर्चा, प्रयोगशील चित्रपट असल्या विषयांना वाहिलेल्या दूरचित्रवाहिन्या केबलच्या आणि डिशच्या जाळ्यांतून एकामागून एक गळत चालल्याबद्दल कोणी खेद व्यक्त करताच, आमच्या एका अर्थशास्त्रज्ञ स्नेह्यांनी 'वाहिनी वितरकाने मारली नाही, प्रेक्षकांनी मारली. जी वस्तू आपण विकत घेत नाही तिच्या मरणावर अश्रू ढाळणे हा सांस्कृतिक दंभ होय' असा निवाडा दिला, आणि सभागृहाने त्यावर टाळ्या वाजविल्या. मी त्या वेळी गप्प राहिलो. त्या रात्री मला उत्तर देण्याची पाळी आली असती तर मी सरळ वितरकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून त्याच्या द्रव्यलोभाचा पाढा वाचला असता. पुढे वर्षभर या प्रकरणाचे कागद चाळल्यावर मला ती कैफियत मागे घ्यावी लागली आहे. परंतु स्नेह्यांचा निवाडाही मला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

या प्रश्नाशी माझा संबंध घरगुती आहे. आमच्याकडे माझी मावशी राहते. रात्री साडेनऊला जेवणे आटोपली, की शास्त्रीय संगीताच्या एका वाहिनीसमोर तंबोऱ्याच्या पहिल्या झंकारापासून भैरवीपर्यंत बसून राहायचे, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम. फेब्रुवारी २०१९ पासून नवी दरपद्धती अमलात आली आणि केबलवाल्याने प्रत्येक बिऱ्हाडाकडून हव्या त्या वाहिन्यांवर खुणा केलेला तक्ता भरून घेतला, तेव्हा मावशीने मला दोनदा विचारले, "ते गाण्याचं चॅनेल ठेवलंस ना रे?" ठेवले होते. तरीही काही महिन्यांनी एका रात्री तिथे काळा पडदा आला. चौकशी केली तेव्हा केबलवाला म्हणाला, "काका, तुमच्यासारखी दोन-चारच माणसं विचारतात. वरूनच काढलंय." त्या 'वरून'चा शोध घेता घेता मी नियामकाच्या दफ्तरापर्यंत पोचलो.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, मार्च २०१७ मध्ये जे दरविषयक व परस्परजोडणीविषयक हुकूम काढले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे कायम केले, त्यांचा उद्देश ग्राहकाच्या हाती निवडीचा अधिकार देणे हा होता. शंभर वाहिन्या वाहून आणण्याबद्दल तेव्हा १३० रुपये आणि कर पडत. त्यावर ज्या सशुल्क वाहिन्या घ्याल त्यांचे छापील दर. मोठ्या प्रक्षेपकांचे गठ्ठे गळ्यात मारून घेण्याची वहिवाट मोडणार म्हणून त्या वेळी मीही मनापासून आनंदलो होतो. परंतु त्याच हुकुमांत दोन कलमे अशी आहेत की त्यांच्याकडे माझ्यासारख्या वाचकाचे लक्षही गेले नाही. पहिले असे की, एखाद्या वाहिनीचे वर्गणीदार लागोपाठ सहा महिने, प्रत्येक महिन्यात, त्या मुलखातील चालू ग्राहकांच्या पाच टक्क्यांहून कमी भरले, तर ती जाळ्यातून काढून टाकण्याची वितरकाला मुभा आहे. दुसरे कॅरेज फीचे, म्हणजे वाहिनी वाहून नेण्याबद्दल प्रक्षेपकाने वितरकाला द्यावयाच्या मोबदल्याचे. त्या हुकुमांप्रमाणे त्याची कमाल मर्यादा साध्या वाहिनीस दरमहा दरग्राहक २० पैसे असून, वर्गणीदार पाच, दहा, पंधरा टक्के असे चढतील तसतसा तो दर उतरत जाई आणि वीस टक्क्यांवर तो मुळीच द्यावा लागत नसे.

याचा हिशेब मांडून पाहावा. एका वितरकाचे दहा लक्ष ग्राहक आहेत आणि आपल्या संगीतवाहिनीला त्यांतले चार टक्के, म्हणजे चाळीस हजार, वर्गणीदार लाभले आहेत असे धरू. चाळीस हजार बिऱ्हाडे दररोज ख्याल ऐकतात ही गोष्ट कोणत्याही संगीतसभेच्या चालकाला स्वप्नवत वाटावी अशी आहे. कॅरेज फी मात्र या चाळीस हजारांवर आकारली जात नसून दहा लक्षांवर आकारली जाते; पूर्ण दराने महिन्याला दोन लक्ष रुपये होतात. छापील दरातले किमान वीस टक्के वितरणापोटी वितरकाचे. तेव्हा केवळ ही फी भागविण्यासाठीच वाहिनीला प्रत्येक श्रोत्याकडून सवासहा रुपये घ्यावे लागतील, आणि गायकाचे मानधन, उपग्रहाचे भाडे, ध्वनिमुद्रणाचा खर्च यांचा तर अजून प्रारंभही झालेला नाही. ज्या वाहिनीला वीस टक्के लोक घेतात तिला रस्ता फुकट आणि जिला चार टक्के घेतात तिला पूर्ण जकात, अशी ही रचना होती.

वितरकाच्या बाजूनेही हा हिशेब तितकाच पक्का आहे. त्याच्या तारेत किंवा उपग्रहावर भाड्याने घेतलेल्या ट्रान्सपॉन्डरमध्ये जागा मोजकी असते. तीन-चार साध्या वाहिन्यांच्या जागेत एक एचडी वाहिनी बसते, आणि क्रिकेटच्या एचडीसाठी ग्राहक तगादा लावीत असतो. शिवाय ज्या प्रक्षेपकाच्या हाती क्रिकेट आणि लोकप्रिय मालिका आहेत त्याच्याशी भांडण काढणे वितरकाला परवडत नाही. एकट्या संगीतवाहिनीशी भांडणे नेहमीच परवडते. अमेरिकेत २०२३ च्या ऑगस्टअखेर चार्टर ही केबल कंपनी आणि डिस्ने यांच्यात दराबद्दल व करमणुकीच्या नव्या इंटरनेट-सेवांबद्दल तंटा पेटला, सुमारे दीड कोटी ग्राहकांचे पडदे दहाबारा दिवस डिस्नेच्या वाहिन्यांना मुकले, आणि ११ सप्टेंबरला जो तह झाला त्यात ईएसपीएन शाबूत राहून बेबी टीव्ही, नॅट जिओ वाइल्ड यांसारख्या आठ वाहिन्या चार्टरच्या जाळ्यातून वगळल्या गेल्या. भांडण मोठ्यांचे होते आणि किंमत लहानांनी मोजली. अशा व्यवहारात वितरकाला दुष्ट ठरवून आपल्या पदरात काहीच पडत नाही. त्याच्या जागी कोणीही बसला असता तरी त्याने हेच केले असते.

तर मग स्नेह्यांचेच खरे, प्रेक्षकांनीच वाहिनी मारली? या ठिकाणी मला पीटर स्टाइनर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाची आठवण होते. त्याने १९५२ साली नभोवाणी केंद्रांच्या स्पर्धेवर जो निबंध लिहिला त्याइतका या विषयाच्या मुळाशी जाणारा दुसरा मजकूर माझ्या वाचनात नाही. त्याच्या विचाराची रीत मी माझ्या आकड्यांनी मांडतो. समजा एका गावात दहा हजार श्रोते आहेत. त्यांतल्या ७,८०० जणांना नाटिका हव्यात, १,७०० जणांना चर्चा हव्यात आणि ५०० जणांना ख्यालगायन हवे. आणि ज्याला हवे ते मिळत नाही तो यंत्र बंद करून ठेवतो. पहिला केंद्रचालक साहजिकच नाटिका लावतो. दुसराही नाटिकाच लावतो, कारण वाटून घेतलेले ३,९०० श्रोते हे चर्चेच्या १,७०० हून अधिकच. तिसऱ्याच्या वाट्याला २,६०० येतात, चौथ्याच्या वाट्याला १,९५०. दोघेही नाटिकाच लावतात. पाचवा येतो तेव्हा कोठे नाटिकांचा वाटा १,५६० वर उतरतो आणि गावाला पहिली चर्चा ऐकू येते. ख्यालाची पाळी केव्हा येते याचा मी कागदावर हिशेब केला: पंधरा केंद्रे नाटिकांची, तीन चर्चांची, आणि एकोणिसावे केंद्र ख्यालाचे. या अठरांपैकी एकाही चालकाने मूर्खपणा केलेला नाही, आणि पाचशे श्रोत्यांपैकी एकानेही ख्याल नाकारलेला नाही. तो त्यांना कोणी देऊच केला नाही.

स्टाइनरचा निष्कर्ष आजही चकित करणारा आहे. गावातली तीनच केंद्रे एकाच मक्तेदाराच्या ताब्यात असती, तर स्वतःचेच श्रोते स्वतःपासून हिरावून घेण्यात काहीच लाभ नसल्याने, त्याने एक नाटिकांना, एक चर्चेला आणि एक ख्यालाला वाहिले असते. जिथे स्पर्धेला एकोणीस केंद्रे लागली तिथे मक्त्याला तीन पुरली. आज मराठीतल्या खाजगी मनोरंजन वाहिन्या एकामागून एक लावून पाहाव्यात: झी मराठी, कलर्स मराठी, स्टार प्रवाह, सोनी मराठी, सन मराठी. त्याच वेळेला त्याच सासरची त्याच दिवाणखान्यातली भांडणे चाललेली असतात, आणि नाट्यसंगीताला वाहिलेली एकही खाजगी मराठी वाहिनी माझ्या पाहण्यात नाही. बालगंधर्वांच्या महाराष्ट्रात पाचशे माणसे नाहीत असा याचा अर्थ कोणी करणार असेल तर करो. मी तो एकोणिसाव्या केंद्राची पाळी अजून यावयाची आहे असा करतो.

हे वाचून मी काही काळ मक्तेदारीचा पक्षपाती झालो होतो, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. परंतु १९७७ साली जॅक बीबी याने स्टाइनरच्या गृहीतावरच बोट ठेवले. श्रोता यंत्र बंद करीत नाही. आवडीचे नसेल तर चालेलसे काहीतरी ऐकत बसतो. ही गोष्ट एकदा मान्य केली, की मक्तेदाराला तीन केंद्रांचीही गरज उरत नाही. सर्वांना थोडेथोडे चालेल असे एकच काहीतरी लावले की भागते. अमेरिकेतली ब्राव्हो वाहिनी १९८० मध्ये कलांसाठी जन्मली, ए अँड ई ही १९८४ मध्ये जन्मली आणि तिच्या नावातला 'ए' हा कलांचाच होता. आज दोहोंवर मुख्यतः तथाकथित वास्तव-कार्यक्रम चालतात. त्यांना कोणी जाळ्यातून काढले नाही. जाळ्यात राहण्यासाठी त्यांनी आपले शील मात्र बदलले.

तेव्हा स्पर्धाही नव्हे आणि मक्ताही नव्हे. रोग मोजमापात आहे, आणि हे मला आमच्या इमारतीत समजले. वाहिनी गेल्यावर मी आमच्या साठ बिऱ्हाडांपैकी जमेल तेवढ्यांना विचारले. आमच्याखेरीज कोणीही तक्त्यात तिच्यावर खूण केली नव्हती. आणि तरीही नऊदहा जणांनी "अरेरे, छान होती हो" असे मनापासून म्हटले. स्नेही यालाच दंभ म्हणतील, आणि प्रथम मलाही तसेच वाटले. मग बर्टन वाइस्ब्रॉड याचा १९६४ चा निबंध हाती आला. सिक्वॉया राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण घेऊन तो विचारतो, की जे तिथे आज जात नाहीत, कदाचित कधीच जाणार नाहीत, परंतु जाता यावे म्हणून काही देण्यास तयार असतात, त्यांची इच्छा फाटकावरच्या तिकिटांत कोठे उमटते? ती उमटत नाही. उद्यान तिकिटांवर तोट्यात जाऊन बंद पडते आणि समाजाने त्याला जे मोल दिले होते ते कोणत्याही खातेवहीत न चढताच नाहीसे होते. आमच्या शेजाऱ्यांचे 'अरेरे' हे असले न चढलेले मोल होते. दरमहा खूण करून पैसे भरण्याइतके ते मोठे नव्हते. परंतु ते खरे होते, आणि साठ बिऱ्हाडांत ते नऊदहा ठिकाणी होते, म्हणजे पाच टक्क्यांच्या निदान तिप्पट.

जुन्या गठ्ठापद्धतीत, तिच्यावर मी कितीही टीका केली असली तरी, हे मोल नकळत वसूल होत होते. नगरवाचनालयाचा सभासद महिन्याची वर्गणी भरतो ती बहुधा कादंबऱ्यांसाठी, आणि तिच्यातूनच कपाटात ज्ञानकोश उभा राहतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी वाचक एकाच मोलात अनेकांच्या आवडी विकत घेत आला आहे. वाचकाच्या हातातला हा लेखसुद्धा कथा, कविता आणि राशिभविष्याच्या सोबतीनेच त्याच्या घरात शिरला. लेखामागे लेख खूण करून अंक विकावयाचा ठरविले, तर सहा महिन्यांत वैचारिक विभाग पाच टक्क्यांच्या खाली जाईल. गठ्ठ्यात जुलूम होता हे मी नाकारीत नाही. नको असलेल्या वीस वाहिन्यांचे पैसे गरीब बिऱ्हाडाकडून घेणे अन्याय्यच होते. परंतु तो जुलूम मोडताना आपण गठ्ठ्याच्या पोटात चाललेले सामायिक कार्यही मोडले, आणि त्याची जागा कशाने भरावयाची याचा विचार केला नाही.

तो विचार अशक्य नव्हता. केबल टेलिव्हिजनच्या १९९५ च्या कायद्याचे आठवे कलम दूरदर्शनच्या नेमून दिलेल्या वाहिन्या प्रत्येक केबलचालकाने दाखविल्याच पाहिजेत असे सांगते. म्हणजे काही जागा डोकी न मोजता राखून ठेवाव्यात हे तत्त्व आपल्या कायद्याला परके नाही. १३० रुपयांचे वहनशुल्क प्रत्येकाने भरले, ते तारेसाठी भरले. त्या तारेत चारसहा जागा संगीत, नाट्य, विज्ञान, लहान भाषा यांसाठी कॅरेज फीशिवाय आणि पाच टक्क्यांच्या कलमाशिवाय राखल्या असत्या, तर कोणत्या बिऱ्हाडावर असह्य बोजा पडला असता? त्या जागा कोणाला द्याव्यात यावर वशिला चालेल, हा आक्षेप मला गंभीर वाटतो. परंतु वशिल्याची भीती आहे म्हणून आपण सार्वजनिक ग्रंथालयांची अनुदाने थांबवीत नाही.

राहिला शेवटचा आक्षेप: असल्या आवडीनिवडींना आता इंटरनेट आहे, हवा तो राग हव्या त्या वेळी ऐकावा. यात पुष्कळ तथ्य आहे आणि मी स्वतः तसे ऐकतो. परंतु तिथे मिळविण्यासाठी आधी नाव ठाऊक असावे लागते. केदार ज्याने कधी ऐकला नाही तो केदार शोधणार नाही. वाहिनी बदलता बदलता तो त्याच्या कानावर पडू शकत होता, आणि माझ्या पिढीतल्या कित्येकांना नभोवाणीवरून तो तसाच भेटला. आणि मावशीच्या हाताला तीन आकडे दाबण्याची सवय आहे. अक्षरे जुळवून शोध घेणे तिच्याच्याने होत नाही.

ते तीन आकडे ती अजूनही रात्री साडेनऊला दाबते. काळा पडदा आता गेला आहे. त्या क्रमांकावर चित्रपटगीतांची एक वाहिनी आली आहे. परवा तिने काही वेळ ती ऐकली, मग एकेक आकडा पुढे जात चार क्रमांक लावून पाहिले, आणि रिमोट खाली ठेवीत मला म्हणाली, "हीच गाणी तिकडेही चालू आहेत रे."