देवदूत दोनदा आला

ओवे हे एके काळी भातशेतीचे गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई वसू लागली आणि पुढे खारघरच्या इमारती गावाच्या वेशीला येऊन भिडल्या. ठिकठिकाणांहून आलेली ख्रिस्ती कुटुंबे आज या परिसरात राहतात. आईवडील पहाटेच्या लोकलने मुंबई गाठतात; मूल दुपारी आपल्या हाताने कुलूप काढून रिकाम्या घरात शिरते.

अशाच एका घरातील माता काही वर्षांपूर्वी आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. “फादर, याला जरा समजवा. मिस्सेला येत नाही, धड जेवत नाही, नुसता पडून असतो. आळस भरलाय अंगात.” आम्ही त्याला चौथ्या आज्ञेची आठवण दिली, हाती जपमाळ ठेवली, आशीर्वाद दिला. त्याने मान डोलावली. आमचे कर्तव्य पार पडले, असे आम्हांस वाटले. महिन्याभराने शाळेतील एका बाईंनी त्याला जवळ बसवून विचारले, “बाळा, तुला जगावेसे वाटत नाही का?” तेव्हा तो ढसाढसा रडला. जे विचारायचे होते, ते आम्ही विचारलेच नव्हते.

तेव्हापासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही. खिन्नता हे पाप आहे काय? ख्रिस्तसभेच्या परंपरेत आळस सात प्रमुख पापांत गणला जातो आणि निराशा हे आशेविरुद्धचे पाप मानले जाते. म्हणूनच अंथरुणावर पडलेल्या मुलाला आपण सहज दोषी ठरवतो. परंतु तीच परंपरा हेही शिकवते की, गंभीर पापाला पूर्ण जाणीव व मुक्त संमती लागते. आजाराने इच्छाशक्तीच हिरावून नेली असेल, तर संमती कोठून आणायची? तापाने फणफणलेल्या लेकराला आपण पश्चात्ताप करायला सांगत नाही.

ख्रिस्तसभाही या बाबतीत शिकत आली आहे. आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याचा नियम १९१७ च्या धर्मविधिसंहितेत होता. १९८३ च्या संहितेत तो राहिला नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की, गंभीर मानसिक व्याधीमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते आणि त्याच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये.

प्रत्येक उदासी म्हणजे आजार नव्हे, हेही खरे. परीक्षेतील अपयश वा मैत्रीतील दुरावा यांचे दुःख काही दिवसांत ओसरते. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक व अभ्यास बिघडला, आवडता खेळ नकोसा झाला, तर सावध व्हावे. कुमारवयात ही व्याधी पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपाने प्रकटते आणि आपण तिला उद्धटपणा समजतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते १० ते १९ वयोगटातील सातांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो. मरणाचे विचार येतात का, असे मायेने विचारल्याने ते विचार मुलाच्या मनात पेरले जात नाहीत. उलट त्याचे ओझे हलके होते. समुपदेशक व मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. २०२२ पासून शासनाची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते.

मग श्रद्धेचे काम काय उरले? संदेष्टा एलिया आठवावा. कर्मेल डोंगरावर विजय मिळवणारा हा देवमाणूस रानातील झुडपाखाली बसून मरण मागत होता. देवदूताने त्याची कानउघाडणी केली नाही. त्याला उठवले, भाकर व पाणी दिले. एलिया जेवला आणि पुन्हा झोपी गेला. तरीही देवदूत रागावला नाही. तो दुसऱ्यांदा आला, पुन्हा खाऊ घातले, वाट लांबची आहे याची जाणीव दिली. ‘तू येथे काय करतोस?’ हा देवाचा प्रश्न नंतरचा, चाळीस दिवसांची वाट चालून होरेब गाठल्यावरचा. आम्ही मात्र भाकरीआधीच उपदेश वाढला होता.

प्रार्थना औषधाची जागा घेत नाही, आणि औषधही सोबतीची जागा घेत नाही. त्या मुलाकडे आम्ही दुसऱ्यांदा गेलो. या खेपेस काही सांगितले नाही. त्याच्याजवळ बसलो, चहा घेतला आणि त्याला आमचे चुकले म्हणालो. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, “फादर, उद्याही याल?”