हातावर पोट, हात उघडे

'शिर सलामत तर पगड्या पचास' असं आपल्याकडे म्हणतात. हाताबद्दल अशी म्हण माझ्या ऐकण्यात नाही. कायद्याचंही तसंच आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ डोक्याची काळजी घेतं, चालवणाऱ्याच्या आणि मागे बसणाऱ्याच्याही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड आहे, वर तीन महिने लायसन्स जाऊ शकतं. हातमोज्यांबद्दल हे कलम गप्प आहे. चौकातला पोलीस तुमचे हात बघत नाही.

म्हणून मला ग्लोव्हजचा प्रश्न हेल्मेटपेक्षा जास्त रोचक वाटतो. हेल्मेट आपण नेमकं कशासाठी घालतो हे स्वतःलाही धड सांगता येत नाही. त्यात दंडाची भीती असते, आईचा धाक असतो, ऑफिसच्या गेटवरचा वॉचमन असतो, आणि थोडीफार डोक्याची काळजीही असते. सगळं इतकं मिसळलेलं की वेगळं काढता येत नाही. ग्लोव्हजच्या बाबतीत विचारणारं कुणीच नाही. तिथे जे काही कराल ते फक्त तुमचं.

आता पडण्याबद्दल. बाळ आठ-नऊ महिन्यांचं झालं की त्याला धरून अचानक तोंडावर झुकवलं तर ते दोन्ही हात पुढे फेकतं. डॉक्टर याला पॅराशूट रिफ्लेक्स म्हणतात. बाळाला अजून चालताही येत नसतं, पण पडायची तयारी झालेली असते. ही सवय पुढे जन्मभर राहते. गाडी घसरली की आपण काही ठरवायच्या आत तळहात रस्त्यावर टेकलेले असतात. तोंड वाचावं म्हणून हात पुढे होतो, आणि आपल्याला विचारून होत नाही. मनगटात अंगठ्याच्या बाजूला स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड असतं. अशा पडण्यात बऱ्याचदा तेच मोडतं. त्याला रक्तपुरवठा उलट्या दिशेनं, म्हणजे बोटांकडच्या टोकातून मागे येतो. त्यामुळे ते मनगटाकडच्या टोकाला मोडलं तर जुळायला फार वेळ घेतं, कधी जुळतच नाही. पहिल्या एक्स-रेत ते मोडलेलं दिसत नाही असंही होतं, आणि माणूस 'मुरगळलंय' म्हणत आठवडाभर हळद लावत बसतो.

चांगल्या ग्लोव्हजच्या तळव्यावर, मनगटाच्या जरा वर, कडक गुळगुळीत प्लास्टिकची चकती असते. दुकानात बरेच जण तिला डिझाइन समजतात. तिचं काम वेगळं आहे. उघडा तळहात डांबराला चिकटल्यासारखा अडकतो आणि मागून येणारं सगळं वजन मनगटावर कोसळतं. चकती असली की हात अडकण्याऐवजी सरकतो. पडण्याच्या क्षणी हाताला धरून ठेवायचं नसतं, सोडून द्यायचं असतं, आणि ते त्याला स्वतःहून जमत नाही.

'उकडतं हो' हे ग्लोव्हज न घालण्याचं नेहमीचं कारण. पण मे महिन्यात पुण्यातल्या कुठल्याही सिग्नलला स्कूटरवरच्या मुलींचे हात बघा. बोटांपासून दंडापर्यंत सुती मोजे, तोंडाला स्कार्फ, वरून सनकोट. चाळीस अंशांत हात झाकून फिरणाऱ्या हजारो जणी या शहरात आहेत. म्हणजे उकाडा सहन होतो. फक्त तो उन्हासाठी सहन होतो, रस्त्यासाठी नाही. ऊन रोज लागतं, रोज दिसतं, त्यावर घरीदारी शेरेही मिळतात. पडणं मात्र कल्पनेत आणावं लागतं, आणि ते दुसऱ्याच्या बाबतीत सहज आणता येतं. मला यात मुलींना नावं ठेवायची नाहीत. पुरुष तर उन्हासाठीही हात झाकत नाहीत आणि त्यालाच कणखरपणा समजतात.

आपल्याला कळत नाही असं नाही. कळतं पण वळत नाही. ॲरिस्टॉटलनं या दुबळेपणावर 'निकोमाखीय नीतिशास्त्रा'त बरंच लिहिलं आहे: बरं काय ते माणसाला माहीत असतं आणि तो दुसरंच करतो. यावर निर्धार वाढवा, शिस्त लावा असा उपदेश नेहमी होतो. मला वाटतं, उत्तराचा मोठा भाग दुकानातच आहे, मापात.

ग्लोव्हज विकत घेणारा आणि ते घालणारा ही दोन वेगळी माणसं असतात. घेणारा रविवारी संध्याकाळी एसीत उभा असतो, यूट्यूबवर चार रिव्ह्यू बघून आलेला असतो आणि त्याला सगळ्यात दणकट जोड हवा असतो. घालणारा मंगळवारी दुपारी दोन वाजता पार्किंगमध्ये असतो, घामेजलेला, उशीर झालेला, आणि जायचं असतं फक्त तीन किलोमीटर. पहिल्यानं दुसऱ्याला ओळखलं नाही तर ग्लोव्हज डिकीत राहतात. आपण 'कम्फर्ट' हा शब्द जरा लाजत वापरतो, जणू तो सुरक्षिततेच्या विरोधातला लाड आहे. मला तसं वाटत नाही. मंगळवारचा तो माणूस कशाला हो म्हणेल, हे रविवारी प्रामाणिकपणे मान्य करणं म्हणजे कम्फर्ट बघणं. लांब मनगटाचा जाड जोड डिकीत आणि आखूड जाळीदार जोड हातात, यात मी दुसऱ्याच्या बाजूने आहे.

पण हा युक्तिवाद लगेच घसरतो, हेही सांगायला हवं. 'काहीतरी घातलंय ना' म्हणत आपण थंडीचे लोकरी मोजे, जिमचे अर्ध्या बोटांचे मोजे, फुटपाथवरचे नक्षीदार कापडी मोजे, सगळंच त्यात बसवतो. युरोपात मोटरसायकलच्या ग्लोव्हजसाठी ईएन १३५९४ नावाचं मानक आहे. त्यात तळव्याचा तुकडा फिरत्या खरखरीत पट्ट्यावर टेकवतात आणि भोक पडायला किती वेळ लागतो ते मोजतात. पहिल्या पातळीला किमान चार सेकंद, दुसऱ्या पातळीला आठ. आतल्या लेबलवर मोटरसायकलचं चिन्ह आणि पातळीचा आकडा असतो. 'केपी' लिहिलं असेल तर बोटांच्या सांध्यांवरचं कवचही तपासलेलं आहे. चार सेकंद ऐकायला काहीच नाही. पण ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर, आणि शहरातलं घसरणं थोडक्या सेकंदांत संपतं. लोकरीच्या मोज्याला एवढाही वेळ मिळत नाही.

मापाचं म्हणाल तर, अंगठा सोडून तळहाताचा घेर टेपनं मोजायचा, तोही जास्त चालणाऱ्या हाताचा. मग मोजा घालून हात सरळ ठेवून बघायचा नाही, मूठ वळायची. गाडी कुणी सरळ हातानं चालवत नाही. मूठ वळल्यावर बोटांची टोकं शिवणीला टोचली तर अर्ध्या तासात मुंग्या येतील. तळव्यात कापड गोळा झालं तर ब्रेकचा अंदाज जाईल. चामडं वापरून थोडं सैलावतं, कापड फारसं नाही, हे लक्षात ठेवून घट्ट-सैल ठरवायचं. शेवटी मनगटाची पट्टी आवळायची आणि दुसऱ्या हातानं बोटांची टोकं धरून मोजा ओढायचा. निघाला तर तो परत द्यायचा, कितीही आवडला असला तरी. रस्ताही तसाच ओढतो. अनेक दुकानांत बायकांच्या मापाचा जोडच नसतो. पुरुषांचा 'स्मॉल' पुढे करतात, ज्यात तळहात बसतो आणि बोटं लांब पडतात. याला मी गैरसोय म्हणणार नाही. तो एक निर्णय आहे, कुणीतरी घेतलेला.

आणि चामडं म्हटलं की बकरी आलीच. मऊ, पातळ, तरी चिवट म्हणून बकरीचं कातडं ग्लोव्हजला चांगलं समजतात. माझं कातडं वाचावं म्हणून दुसऱ्या कुणाचं तरी कातडं. ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी कापडी आणि कृत्रिम चामड्याचे जोड आहेत, चाचणी पार केलेलेही आहेत. ज्यांना पटतं त्यांनी निदान ते डिकीत कुजू देऊ नयेत.

मग ग्लोव्हजचीही सक्ती करावी का? २०१९ च्या सुरुवातीला पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले. त्यांची आपण भरपूर टिंगल केली, पण त्यांचा मूळ प्रश्न पोरकट नव्हता. जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९ साली 'ऑन लिबर्टी'मध्ये तोच विचारला होता. त्याचं उदाहरण पुलाचं आहे. मोडका पूल ओलांडायला निघालेल्या माणसाला सावध करायला वेळ नसेल तर पकडून मागे ओढा, कारण त्याला नदीत पडायचं नसतं. पण धोका फक्त संभवत असेल आणि त्याला तो ठाऊक असेल, तर सांगा आणि बाजूला व्हा. या मिलचा आगरकरांवर मोठा प्रभाव होता, आणि ज्या फर्ग्युसन कॉलेजचे ते प्राचार्य होते त्याच्यासमोर आज दुचाक्यांची रांग संपत नाही. डोक्याच्या बाबतीत मी सक्तीच्या बाजूचा आहे. मेंदू गेला की निवडणारा माणूसच उरत नाही. हाताच्या बाबतीत मी मिलबरोबर आहे. सांगा, दाखवा, चांगले जोड स्वस्त करा, पण पावती फाडू नका.

इथेच थांबता आलं असतं, पण मराठीत 'हातावर पोट' असाही एक शब्द आहे.

निवडीची ही सगळी भाषा ज्याच्याकडे वेळ आणि दोन-तीन हजार रुपये आहेत त्याच्यासाठी ठीक आहे. पार्सल पोचवणारा पोरगा दिवसाचे दहा-बारा तास गाडीवर असतो. त्याच्या पाठीवरच्या पेटीला आतून अस्तर असतं, बिर्याणी गार होऊ नये म्हणून. हात उघडे असतात. इलेक्ट्रिशियन, शिंपी, केस कापणारा, तबला वाजवणारा, यांचा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये गेला तर पगारी रजा नसते. ज्यांचं पोट हातावर आहे त्यांचेच हात रस्त्यावर सगळ्यात उघडे, आणि 'ज्याची त्याची निवड' हे वाक्य त्यांना ऐकवायला मला जड जातं. मिलचा माणूस पूल ओलांडायला स्वतःहून निघाला होता. या पोराला पुलापलीकडून कुणीतरी बोलावतंय, आणि किती मिनिटांत ये ते स्क्रीनवर दिसतंय. कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्याला हातमोजे कुणी द्यायचे, हा प्रश्न आपण निवडीचा मानत नाही. रस्ता हाच ज्याचा कारखाना, त्याच्याबाबतीत मात्र मानतो. ज्याच्यासाठी तो धावतो त्यानं ते द्यावेत, त्याच्या मापाचे, आणि फाटले की पुन्हा द्यावेत. त्यासाठी बिलात चार रुपये वाढले तर ते आपण द्यावेत.

यातल्या काहींनी ग्लोव्हज घेतलेले असतातही. नीट बघा, उजव्या मोज्याची तर्जनी पुढून कात्रीनं कापलेली असते. ऑर्डर आली की स्क्रीनवर बोट फिरवावं लागतं, मोजा काढत बसलं तर ती दुसऱ्याला जाते. टचस्क्रीनवर चालणारी टोकं असलेले जोड मिळतात, महाग नसतात, पण घामानं आणि धुळीनं काही आठवड्यांत ती टोकं काम करेनाशी होतात. मग पुन्हा कात्री.